शॉकमागची हवा नेमकी किती तापते: २४,००० केल्विन की ६,५००?

वायुगती

हायपरसॉनिक (ध्वनीपेक्षा कितीतरी पट वेगवान) प्रवाहातल्या तापलेल्या हवेवर काम करताना पहिल्याच पायरीवर आकडे फाटतात, म्हणून हा धागा. सगळे एकाच उदाहरणावर बोलतील तर बरं, म्हणून ते ठरवून टाकतो. उंची ६० किमी, वेग सेकंदाला ७ किमी, गोल नाक, त्रिज्या ०.५ मीटर. प्रमाण वातावरणात तिथे तापमान २४७ केल्विन, दाब २२ पास्कल, घनता ३.१ × १०^-४ किलो प्रति घनमीटर. ध्वनीचा वेग ३१५ मी/से, म्हणजे मॅक २२ च्या किंचित वर.

गॅमा (हवेच्या दोन विशिष्ट उष्म्यांचं गुणोत्तर) १.४ धरून शॉकचं, म्हणजे वाहनापुढे उभ्या राहणाऱ्या दाबाच्या लाटेचं, नेहमीचं सूत्र लावलं की शॉकमागे जवळपास २४,००० केल्विन मिळतात. रासायनिक समतोल धरून केलेलं गणित ६,५०० च्या आसपास थांबतं. सीएफडीत (संगणकावरच्या प्रवाहाच्या गणितात) दोन-तापमान मॉडेल (रेणूंच्या धावण्याचं आणि कंपनाचं तापमान वेगळं धरणारं) लावलं तर एकाच ठिकाणी दोन वेगळी तापमानं दिसतात आणि भिंतीवरचा हीट फ्लक्स (दर चौरस मीटरला पोचणारी उष्णता) ग्रिड, म्हणजे गणिताची जाळी, बदलला की बदलतो.

माझे प्रश्न: कुठला आकडा कशासाठी वापरायचा? ६० किमीवर समतोल धरणं कितपत चालतं? आणि जमिनीवरच्या चाचणी-टनेलमध्ये यातलं काय खरोखर तपासता येतं?

ऊर्ध्वगामी

आधी ऊर्जेचा जमाखर्च मांडा, म्हणजे तापमानाचं कोडं अर्धं सुटतं. वेगाच्या वर्गाचा निम्मा भाग म्हणजे २४.५ मेगाज्यूल प्रति किलो. शॉक ओलांडल्यावर ही जवळजवळ सगळी ऊर्जा हवेच्या एन्थॅल्पीत (अंतर्गत आणि दाबाची मिळून ऊर्जा) येते. गॅमा १.४ चं सूत्र असं मानतं की ती सगळी रेणूंच्या धावण्या-फिरण्यातच गेली. म्हणून २४,०००.

प्रत्यक्षात ती तीन खिशांत जाते. एक किलो ऑक्सिजन पूर्ण फोडायला १५.५ मेगाज्यूल लागतात, एक किलो नायट्रोजन फोडायला ३३.६. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, म्हणजे तो सगळा फोडण्यात ३.६ मेगाज्यूल गेले. नायट्रोजन या दाबाला साधारण निम्मा फुटतो, त्यात १२ च्या वर गेले. उरले साधारण ९. तेवढ्यावरच गतिज, घूर्णन आणि कंपन ऊर्जा भागवायची, म्हणून तापमान ६,४०० ते ६,५०० वर थांबतं.

एक अॅटमॉस्फिअर दाबाला लक्षात ठेवायचे टप्पे असे: ८०० केल्विनच्या पुढे कंपन जागं होतं, २,००० ते २,५०० ला ऑक्सिजन फुटू लागतो आणि ४,००० पर्यंत संपतो, तिथून नायट्रोजन सुरू होऊन ९,००० पर्यंत संपतो, मग आयनीभवन (इलेक्ट्रॉन सुटणं). दाब कमी झाला की हे सगळे टप्पे खाली सरकतात, कारण एकाचे दोन अणू होण्याला कमी दाब अनुकूल असतो. आपल्या उदाहरणात शॉकमागे दाब ०.१४ अॅटमॉस्फिअरच आहे, त्यामुळे हे टप्पे जसेच्या तसे वापरू नका.

अपोलोचं उदाहरण हेच सांगतं. ११ किमी/से वेगाने ५३ किमी उंचीवर गॅमा १.४ ने ५८,००० केल्विन येतात, समतोल रसायनाने ११,६००.

केतकी_म

समतोलाचं गणित हातानेही करता येतं. कोड लिहिण्याआधी ते एकदा करून बघाच.

शॉकच्या आधीच्या आणि नंतरच्या घनतेचं गुणोत्तर ०.१ धरा, त्याला एप्सिलॉन म्हणू. शॉकमागचा दाब = आधीचा दाब + घनता × वेगाचा वर्ग × (१ − एप्सिलॉन). एन्थॅल्पी = आधीची एन्थॅल्पी + वेगाच्या वर्गाचा निम्मा × (१ − एप्सिलॉनचा वर्ग). हे दोन आकडे समतोल काढणाऱ्या प्रोग्रॅमला द्या, तो घनता देईल, त्यावरून नवा एप्सिलॉन. चार-पाच फेऱ्यांत आकडा हलायचा थांबतो, कारण दाब आणि एन्थॅल्पी एप्सिलॉनवर फारशी अवलंबून नसतात. आपल्या उदाहरणात तो ०.०६४ च्या आसपास येतो, म्हणजे घनता १५ ते १६ पट. गॅमा १.४ ला ती ६ पटीच्या वर जाऊच शकत नाही.

हमखास चुकणाऱ्या दोन जागा. पहिली, एन्थॅल्पीचा शून्य. नासाच्या सीईएत आणि कँटेरात (दोन्ही समतोल काढणारे प्रोग्रॅम) शून्य २९८ केल्विनला असतो, त्यामुळे २४७ केल्विनची हवा उणे आकडा देते. तुम्ही विशिष्ट उष्मा गुणिले तापमान असं शून्य केल्विनपासून मोजून त्यात मिसळलं तर ०.३ मेगाज्यूलची गफलत होते. मॅक २२ ला ती लपून जाते, मॅक ६ ला नाही.

दुसरी चूक जास्त घातक आहे. ज्वलनासाठीच्या यंत्रणा (अभिक्रियांचे तयार संच), उदाहरणार्थ जीआरआय ३.०, सात सहगुणकांच्या बहुपदीवर चालतात आणि त्यातल्या बऱ्याच घटकांची वैधता ३,५०० केल्विनला संपते. त्यापुढे प्रोग्रॅम थांबत नाही, फार तर एखादा इशारा देतो आणि बहुपदी ओढून नेतो. विशिष्ट उष्मा भलतीकडे जातो आणि तापमान तरीही पटण्याजोगं दिसतं. हवेसाठी नऊ सहगुणकांचा, २०,००० केल्विनपर्यंतचा डेटा घ्या. कँटेराबरोबर तशी हवेची फाइल येते.

मंदार_प

समतोलाचं समजलं. पण हवेला समतोलात यायला वेळ तरी मिळतो का? नाकासमोरचा थर तर बोटाएवढा जाड.

त्रिज्या

मंदार, हाच कळीचा प्रश्न आहे. याला आकड्यांनीच उत्तर देता येतं.

गोलासमोर शॉक किती अंतरावर उभा राहतो? त्रिज्या × ०.७८ × एप्सिलॉन, हा अंदाज चांगला जमतो. ०.५ × ०.७८ × ०.०६४ म्हणजे २५ मिलिमीटर. (गॅमा १.४ ने हेच ६५ मिलिमीटर येतं. म्हणूनच शॉक किती दूर उभा आहे याचा फोटो हा रसायनाचा सर्वांत स्वस्त पुरावा असतो.) शॉकमागे हवेचा वेग ७,००० × ०.०६४, साधारण ४५० मी/से, आणि भिंतीकडे येताना तो आणखी घटतो. थर ओलांडायला ५० ते १०० मायक्रोसेकंद मिळतात.

आता नायट्रोजनच्या कंपनाला लागणारा वेळ. मिलिकन आणि व्हाइट यांचं १९६३ चं सूत्र: दाब (अॅटमॉस्फिअर) × काळ (सेकंद) = ई चा घात [ए × (तापमानाचा उणे एक-तृतीयांश घात − ०.०१५ × म्यूचा एक-चतुर्थांश घात) − १८.४२]. यात ए = ०.००११६ × म्यूचं वर्गमूळ × थीटाचा चार-तृतीयांश घात. नायट्रोजन-नायट्रोजन टक्करीसाठी म्यू (जोडीचं संक्षिप्त वस्तुमान) १४, थीटा (कंपनाचं वैशिष्ट्यपूर्ण तापमान) ३,३९५, म्हणून ए साधारण २२१. तापमान १०,००० घातलं की ४.७ × १०^-७ अॅटमॉस्फिअर-सेकंद येतात. आपल्या ०.१४ अॅटमॉस्फिअरला हे झाले ३.४ मायक्रोसेकंद.

५० च्या समोर ३.४. म्हणजे ६० किमीवर कंपन शॉकला चिकटलेल्या पातळ पट्ट्यातच मार्गी लागतं आणि थराचा बराचसा भाग समतोलाजवळ पोचतो.

तेच वाहन त्याच वेगाने ८० किमीवर न्या. घनता १७ पट कमी, दाब त्याच प्रमाणात कमी, तोच काळ ५७ मायक्रोसेकंद. आता संपूर्ण थरच असमतोलात आहे आणि ६,५०० हा आकडा कुठेच सापडणार नाही.

वायुगती, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. २४,००० हे शॉकला लागून असलेल्या क्षणिक गतिज तापमानाच्या जवळचं, ६,५०० हे पुरेसा वेळ मिळाल्यावरचं. मधल्या प्रवासाला किती जागा मिळते ते घनता × लांबी ठरवते.

धूमकेतू

त्रिज्यांच्या हिशोबात एक भर. मिलिकन-व्हाइटचं सूत्र फार उच्च तापमानाला कंपनाचा काळ अवास्तव कमी देतं. इतका कमी, की तो दोन टकरींमधल्या वेळेच्याही खाली जाऊ पाहतो. संशोधक पार्क यांनी त्यासाठी टकरींवर आधारलेली मर्यादा जोडली: छेद-क्षेत्रफळ १०^-२१ चौरस मीटरच्या पातळीचं, गुणिले (५०,००० भागिले तापमान) चा वर्ग. त्यातून येणारा काळ मूळ काळात मिळवायचा. ८,००० केल्विनच्या पुढे ही दुरुस्ती वगळू नका.

दोन-तापमान मॉडेल स्वतः बसवत असाल तर चुका इथे होतात.

विघटनाचा पुढचा दर सरासरी तापमानावर काढतात: गतिज आणि कंपन तापमानांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. थंड कंपनाचा रेणू सहजी फुटत नाही हे त्यातून पकडलं जातं. उलटा दर मात्र गतिज तापमानावर काढायचा, म्हणजे पुढचा दरसुद्धा गतिज तापमानावर पुन्हा मोजून त्याला समतोल-स्थिरांकाने भागायचं. बरेच जण सरासरी तापमानावरचा पुढचा दर तसाच भागाकारात वापरतात. दोन्ही तापमानं सारखी असतात तिथे फरक दिसत नाही, म्हणून चाचणी पास होते. शॉकच्या लगत पुनर्संयोगाचा दर मात्र चुकीचा येतो.

एककं. पार्क यांच्या १९९३ च्या संचात नायट्रोजन रेणूवर आपटून फुटण्याच्या दराचा पूर्वगुणक ७ × १०^२१ आहे, घन सेंटिमीटर प्रति मोल प्रति सेकंद. घनमीटर प्रति किलोमोल हवं असेल तर १०^-३ ने गुणा, म्हणजे ७ × १०^१८. इथे १०^-६ ने गुणलं तर दर हजारपट मंद होतो, आणि निकाल 'असमतोल जास्त आहे' असा छान पटणारा दिसतो. अणूवर आपटून फुटण्याचा पूर्वगुणक ३ × १०^२२, म्हणजे चौपटीहून जास्त. दोन्ही ओळी तपासा.

आणि मुक्त प्रवाहात कंपन तापमान २४७ असताना नायट्रोजनची कंपन ऊर्जा जवळपास शून्य असते. ऊर्जेवरून तापमान काढणारी न्यूटनच्या पद्धतीची फेरी तिथे भरकटते. खालची मर्यादा घाला.

केतकी_म

धूमकेतूंशी सहमत, फक्त एक नोंद जोडते. वर्गमूळाची सरासरी हा अनुभवावर बेतलेला नियम आहे. रेणूंच्या टकरींचं क्वांटम रसायनावरून केलेलं गणित आता नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या बऱ्याच जोड्यांसाठी उपलब्ध आहे. त्यात दिसतं की विघटन वरच्या कंपन-पातळ्या रिकाम्या करतं, आणि एका कंपन तापमानाने ते नीट मांडता येत नाही. हीट फ्लक्स हवा असेल तर दोन तापमानं बहुतेक वेळा पुरतात. शॉकलगतचं प्रारण किंवा इलेक्ट्रॉनची संख्या हवी असेल तर संशय ठेवा.

वायुगती

खूप स्पष्ट झालं. आता भिंतीकडे येऊ. ग्रिड बदलला की स्टॅगनेशन पॉइंटचा (नाकावर हवा थांबते त्या बिंदूचा) हीट फ्लक्स २०-३० टक्के हलतो. चतुष्फलकी ग्रिड आहे, शॉकजवळ आपोआप बारीक होणारा. तुलना कशाशी करावी?

ऊर्ध्वगामी

आधी तुलनेचा आकडा. सटन-ग्रेव्हज यांचं सूत्र: हीट फ्लक्स = १.७४ × १०^-४ × (घनता भागिले त्रिज्या) चं वर्गमूळ × वेगाचा घन, सगळं एसआय एककांत. आपल्या उदाहरणाला १.४९ मेगावॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे १४९ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर. हा थंड आणि पूर्ण उत्प्रेरक (सुटे अणू पुन्हा जोडून देणाऱ्या) भिंतीचा आकडा आहे. अधिक तपशील हवा असेल तर फे आणि रिडेल यांचं १९५८ चं सूत्र, ज्यात थराच्या कडेची व भिंतीची घनता-श्यानता वेगळी येते.

भिंत स्वतः प्रारण करून समतोलात राहते असं धरलं, उत्सर्जकता ०.८५, आणि गरम भिंतीची एन्थॅल्पी वजा केली, तर भिंत २,३०० केल्विनच्या आसपास जाते. स्पेस शटलच्या नाकावरचं प्रबलित कार्बन-कार्बन साधारण १,६५० सेल्सिअसच्या हिशोबाने बनवलेलं होतं, म्हणजे १,९२० केल्विन. म्हणूनच शटल ७ किमी/से वेगात असताना ६० किमीवर नसायचं, ७० च्या वर असायचं.

धूमकेतू

चतुष्फलकी ग्रिडवरचा स्टॅगनेशन हीट फ्लक्स कितीही बारीक केला तरी मी मान्य करणार नाही. शॉक ग्रिडच्या रेषांना तिरका कापला गेला की प्रत्येक पेशीत एन्ट्रॉपीची थोडी चूक होते. ती चूक प्रवाहाबरोबर वाहत थेट स्टॅगनेशन पॉइंटवर येऊन साचते, कारण तिथे तिला वाहून नेणारा वेगच नाही. भिंतीवर ठिपके-ठिपके दिसतात ते याचेच.

षट्फलकी ग्रिड घ्या, बाहेरची कड शॉकच्या आकाराला जुळवा, दोन-तीनदा जुळवणी करा. शॉकच्या बाहेर चार-पाच पेशींपेक्षा जास्त ठेवू नका. शॉक पकडणारी रो पद्धत वापरत असाल तर नाकासमोर शॉकला फोड आल्यासारखा फुगवटा येतो, त्याला कार्बंकल म्हणतात. एन्ट्रॉपी दुरुस्तीने तो दबतो. पण तीच दुरुस्ती सीमाथरात (भिंतीलगतच्या मंद हवेच्या थरात) चालू राहिली तर हीट फ्लक्स बिघडतो, म्हणून भिंतीला लंब दिशेने ती बंद करा.

मंदार_प

चतुष्फलकी पूर्ण बाद करणं मला पटत नाही. गुंतागुंतीच्या आकाराभोवती, नियंत्रण-पृष्ठांच्या फटींत, षट्फलकी ग्रिड बनवायला आठवडे जातात. भिंतीजवळ प्रिझमचे थर आणि शॉकजवळ शॉकला समांतर प्रिझमचे थर, मध्ये चतुष्फलक, अशी सरमिसळ चांगली चालते. अट एवढीच की शॉक प्रिझमच्या थरातच राहिला पाहिजे.

धूमकेतू

शॉक थरातच राहिला तर हो, ते मान्य. त्या अटीसकट माझा आक्षेप मागे घेतो.

पहिल्या पेशीची उंची: भिंतीवरची घनता × ध्वनीचा वेग × उंची ÷ श्यानता हा आकडा १ च्या खाली ठेवा. दाब १४,३०० पास्कल आणि भिंत १,५०० केल्विन धरली तर ही उंची २ मायक्रॉनच्या आसपास येते. सबसॉनिक कामातल्या वाय-प्लसच्या (भिंतीपासूनचं परिमाणहीन अंतर) सवयीने इथे ग्रिड बनवू नका. तो १ दिसत असतानाही हीट फ्लक्स चुकलेला असू शकतो.

त्रिज्या

ग्रिड सुधारला तरी भिंतीचं रसायन उरतं, आणि तो फरक ग्रिडच्या फरकापेक्षा मोठा आहे.

ऊर्ध्वगामींचा जमाखर्च पुन्हा बघा: हवेची आधीची एन्थॅल्पी धरून २४.७ मेगाज्यूलपैकी जवळपास १६ विघटनात अडकले आहेत, म्हणजे ६४ टक्के. सुटे अणू भिंतीवर येऊन पुन्हा जोडले गेले तर ही ऊर्जा भिंतीला मिळते. भिंत जोडणी करूच देत नसेल, आणि सीमाथरातही वेळ नसेल, तर अणू तसेच वाहून जातात. पूर्ण उत्प्रेरक आणि निरुत्प्रेरक भिंतीत दुपटीचा फरक पडणं नवल नाही. सिलिका काचेचा लेप असलेल्या टाइलवर अणूंच्या शंभर टकरींमागे एखादीच जोडणी होते. धातूंवर हे प्रमाण कितीतरी जास्त.

शटलवर हे थेट मोजलं गेलं. दुसऱ्या उड्डाणापासून पोटाखालच्या काही टाइल्सवर जास्त उत्प्रेरक लेप चढवला आणि शेजारच्या साध्या टाइल्सशी तापमान ताडलं. लेपवाल्या टाइल्स ठळकपणे जास्त तापल्या. तोवर पूर्ण उत्प्रेरक भिंतीचा अंदाज 'सुरक्षित बाजू' म्हणून वापरला जायचा. या मोजणीने ती बाजू किती जाड आहे ते कळलं.

सीएफडीत दोन्ही टोकं चालवा आणि मगच मधला सहगुणक निवडा. तो तापमानावर अवलंबून असतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला मोजलेला आकडा १,५०० केल्विनला लावू नका.

वायुगती

आता टनेलकडे. रिफ्लेक्टेड शॉक टनेलमध्ये २० मेगाज्यूल मिळतात म्हणे. मग आपलं उदाहरण जसंच्या तसं का तपासता येत नाही?

केतकी_म

एन्थॅल्पी मिळते, हवा मात्र तशीच मिळत नाही.

स्टॉकर यांच्या पद्धतीच्या मुक्त-पिस्टन टनेलमध्ये (क्वीन्सलंडचं टी-४, कॅलटेकचं टी-५, गटिंगेनचं एचईजी) जड पिस्टन हीलियम-आरगॉनचं मिश्रण दाबतो, पडदा फुटतो, शॉक नळीच्या टोकाला आपटून परततो आणि मागे प्रचंड तापलेली स्थिर हवा उरते. ती नोझलमधून पसरते. अडचण नोझलमध्येच आहे. पसरताना घनता इतकी झपाट्याने पडते की अणूंना पुन्हा जोडायला तिसरा सोबती मिळत नाही. मॉडेलपाशी पोचणाऱ्या प्रवाहात सुटा ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइड गोठून राहतात. उड्डाणात वाहनाला भेटणारी हवा शुद्ध रेण्वीय असते. म्हणजे टनेलमधल्या मॉडेलवर आधीच काही अंशी फुटलेली हवा आदळते आणि शॉक किंचित वेगळ्या अंतरावर उभा राहतो.

एक्स्पान्शन ट्यूबमध्ये हवा कधीच पूर्ण थांबवली जात नाही, म्हणून हा दोष खूप कमी होतो. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. रिफ्लेक्टेड टनेलला एक-दोन मिलिसेकंद मिळतात, ट्यूबला बऱ्याचदा दहा-शंभर मायक्रोसेकंद.

मापनं बदलण्याचंही बघा. मॉडेलची त्रिज्या २५ मिलिमीटर घेतली, म्हणजे २० पट लहान, तर घनता २० पट वाढवा. घनता × लांबी तीच राहते, दोन रेणूंच्या टकरींवर चालणारं विघटन जुळतं, रेनॉल्ड्स संख्याही जुळते. पुनर्संयोगाला तीन कण लागतात, तो घनतेचा वर्ग × लांबी यावर चालतो, म्हणून तो २० पट जलद होतो. नाकापाशी, जिथे विघटनाचं राज्य आहे, मॉडेल खरं बोलतं. मागच्या बाजूला आणि थंड सीमाथरात त्याच्यावर विसंबू नका.

मंदार_प

उष्णता मोजणाऱ्या गेजबद्दल थोडं. प्लॅटिनमचा पातळ फिल्म गेज कमी एन्थॅल्पीला उत्तम. आयनीभूत हवा आली की ती फिल्मला समांतर वाट देते आणि आकडा पडतो. वरून विद्युतरोधक लेप द्या किंवा सहअक्षीय थर्मोकपल वापरा. थर्मोकपलचा जोड सँडपेपरने घासून बनतो, म्हणून कणांचा जाडपणा बदलला की जोडाची जाडी आणि प्रतिसाद दोन्ही बदलतात. सगळ्या गेजना एकच पेपर, एकच दिशा.

खोली पुरते का ते तपासायचं तर उष्मा-विसरणांक × वेळ याचं वर्गमूळ काढा: पोलादात एका मिलिसेकंदात ०.०६ मिमी. म्हणजे ५ मिमी जाडीचं गेज निश्चिंतपणे अनंत जाड धरता येतं.

चाचणीचा वेळ संपण्याआधीच ड्रायव्हर वायू (पिस्टनने दाबलेलं हीलियम-आरगॉन) मिसळतो, हे विसरू नका. परतणारा शॉक नळीच्या भिंतीवरच्या सीमाथरात दुभंगतो आणि हीलियम कडेकडेने पुढे सटकतं. दाबाच्या आलेखात ते दिसतच नाही, तो अजून सपाट असतो.

आर्क किंवा प्लाझ्मा टनेलमध्ये तांब्याचं कॅलरीमीटर पूर्ण उत्प्रेरक मानतात. तांब्यावर ऑक्साइड चढलं की ते तसं राहत नाही. प्रत्येक फेरीआधी सारखीच सफाई करा, नाहीतर दुसऱ्या दिवशीची एन्थॅल्पी कागदावर उगाच घसरलेली दिसेल.

ऊर्ध्वगामी

हीट फ्लक्सच्या नादात दाबाकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हे लिहितो. एप्रिल १९८१ मध्ये शटलच्या पहिल्या उड्डाणात नाक अंदाजापेक्षा जास्त वर उचललं जाऊ लागलं. संतुलनासाठी शेपटीकडचा बॉडी फ्लॅप अंदाजाच्या दुपटीहून अधिक खाली वळवावा लागला. टनेलमधले आकडे थंड हवेचे होते. गरम हवेत गॅमा १.४ वरून १.२ च्या आसपास येतो, पोटाच्या मागच्या भागात हवा पसरते तिथे दाब थोडा जास्त घसरतो, आणि लांब हातामुळे तेवढाच फरक आघूर्णात मोठा होतो. यात मॅक संख्येचाही वाटा होता. पण धडधाकट दिसणारा दाबाचा गुणांक तिसऱ्या दशांशात हलला तरी संतुलन बदलतं.

सागरिका

वाचतेय, फार छान चाललंय. रेडिओ संपर्क तुटतो तो याच आयनीभवनाने ना? पण वर नायट्रोजनचं आयनीभवन ९,००० च्या पुढे म्हटलंय, आणि इथे तर ६,५००.

त्रिज्या

सागरिका, नेमकं पकडलंत. या वेगाला इलेक्ट्रॉन मुख्यतः दुसऱ्या वाटेने येतात: सुटा नायट्रोजन अणू आणि सुटा ऑक्सिजन अणू आपटून नायट्रिक ऑक्साइडचं आयन बनतं आणि एक इलेक्ट्रॉन सुटतो. रेणू जुळताना मिळणारी ऊर्जाच आयनीभवनाचा बराचसा खर्च भागवते, वरून २.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. नायट्रिक ऑक्साइडला सरळ आयनित करायला ९.३ लागले असते.

संपर्कासाठी लागणारी मर्यादा: वारंवारता (हर्ट्झ) = ८.९८ × इलेक्ट्रॉन घनतेचं वर्गमूळ (प्रति घनमीटर). जीपीएसच्या १,५७५ मेगाहर्ट्झला अडवायला ३ × १०^१६ इलेक्ट्रॉन पुरतात, ९ गिगाहर्ट्झला १०^१८ लागतात. वारंवारता वाढवणं हा एक उपाय. दुसरा पाणी फवारण्याचा, तो १९६५ मध्ये जेमिनी ३ वर करून पाहिला होता. शटलने तिसरा वापरला: वरच्या, विरळ प्लाझ्माच्या बाजूने उपग्रहामार्फत बोलणं.

मॉडेल ताडायला रॅम-सी २ हे १९६८ चं उड्डाण घ्या. नाकाची त्रिज्या १५२ मिमी, वेग ७.६५ किमी/से, आणि ६१, ७१, ८१ किमीवर मोजलेली इलेक्ट्रॉन घनता. आपल्या उदाहरणाच्या इतक्या जवळचं दुसरं मोजमाप नाही. ६१ आणि ८१ दोन्ही एकाच दरसंचाने जुळले पाहिजेत. एक जुळवायला दर हलवले आणि दुसरं बिघडलं, तर चूक दरांत नसून कंपनाच्या मॉडेलमध्ये असण्याची शक्यता जास्त.

वायुगती

मग प्रारण? आतापर्यंत कोणी त्याचा हीट फ्लक्स धरलाच नाही.

धूमकेतू

७ किमी/से आणि अर्ध्या मीटरला ते सोडून देता येतं. १० च्या पुढे नाही. संवहनी फ्लक्स त्रिज्येच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, प्रारणाचा मात्र त्रिज्येबरोबर वाढतो, कारण चमकणारा थर जाड होतो. म्हणून वेगवान परतीसाठी नाक बोथट करत जाणं एका टप्प्यानंतर उलटतं.

मंगळासाठी वेगळा हिशोब ठेवा. तिथे कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉनच्या अवरक्त पट्ट्यात चमकतो, आणि वाहनाच्या पाठीमागे, जिथे संवहन नगण्य असतं, तिथे तोच फ्लक्स मोठा ठरतो.

वायुगती

शेवटचं एक. ८० किमीचा बिंदू चालवायचा आहे. तिथे नेव्हिअर-स्टोक्स (हवा सलग माध्यम धरणारी समीकरणं) चालेल की बर्ड यांची कणांची पद्धत (रेणूंच्या टकरी नमुन्यांनी मोजणारी) घ्यावी?

त्रिज्या

८० किमीवर मुक्त पथ (रेणूचं दोन टकरींमधलं सरासरी अंतर) ४.४ मिमी. त्रिज्येने भागला तर नुडसेन संख्या ०.००९. (६० किमीवर मुक्त पथ पाव मिलिमीटर, तिथे प्रश्नच नाही. १०० किमीवर १४ सेंटिमीटर, तिथे नेव्हिअर-स्टोक्स सोडून द्या.) नाकाच्या भिंतीवर वेग आणि तापमानाच्या घसरणीची अट लावून नेव्हिअर-स्टोक्स चालतं. शॉकच्या आत आणि वाहनामागच्या पोकळीत ते मोडतं. कुठे मोडतं ते बघायला स्थानिक मुक्त पथ × घनतेचा उतार ÷ घनता असा नकाशा काढा. ०.०५ च्या वर गेलेली जागा संशयास्पद.

कणांची पद्धत घेतलीत तर पेशी स्थानिक मुक्त पथाच्या एक-तृतीयांश. शॉकमागे घनता १५ पट झाली की मुक्त पथ ०.३ मिमीवर येतो, म्हणून पेशी ०.१ मिमी. प्रत्येक पेशीत किमान २० कण, वेळेची पायरी टकरींमधल्या सरासरी काळापेक्षा लहान. मुक्त प्रवाहाच्या ४.४ मिमीवरून पेशी ठरवलीत तर हीट फ्लक्स जास्त येईल. अक्षसममित गोल घेऊन सुरुवात करा. त्रिमितीत हाच हिशोब लावला की कणांची संख्या अब्जांत जाते.